देव्हाऱ्यातली बाटली

"एकशे ब्याण्णव," मी आकडा वाचला. मास्तर खोबऱ्याच्या वखारीतल्या काट्यावर उभे होते. आमच्या दवाखान्यात माणसाचं वजन करायची सोय नव्हती, म्हणून दर शनिवारी मी त्यांना समोरच्या वखारीत नेत असे. "दोन महिन्यांत तीस रत्तल उतरलात, मास्तर."

"मग नाचू का?" मास्तर खेकसले.

पंचवीस वर्षांच्या शाळेतल्या नोकरीत या माणसाने एकाही पोराला छडी लावल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ते खेकसणं मला खटकायला हवं होतं. पण मी पडलो कंपाउंडर, माझं सगळं लक्ष आकड्यात.

मास्तरांचे गुडघे दुखत, म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला मुंबईहून थायरॉइडच्या गोळ्या मागवल्या होत्या. रोज एक. ही गोळी अंगातली चूल जोरात पेटवते, मग चरबी जळते. ती मेंढीच्या गळ्यातली ग्रंथी वाळवून करतात, हे मात्र आम्ही त्या शाकाहारी घरात बोललो नव्हतो. बाटली सात गोळ्यांची. मास्तरांच्या घरून वहिनी ती दोन दिवस आधीच भरून न्यायला येत. वक्तशीर बाई, असं मी मनात म्हणायचो.

सोमवारी वहिनी मास्तरांना घेऊनच आल्या. मास्तर बाकावर बसले, पण त्यांचा पाय एकसारखा हलत होता.

"भाऊ, ह्यांचं काहीतरी बिनसलंय," वहिनी मला म्हणाल्या. "झोप म्हणून नाही. काल आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलंनी. मग स्वतःच रडत बसले. दृष्ट काढून झाली, उपयोग नाही."

मास्तरांनी खिशातून कागद काढून डॉक्टरांपुढे ठेवला. "शाळेचा राजीनामा आहे, इथून द्यायलाच निघालोय. शुक्रवारी एका पोराला मी मारलं. माझ्यात इतका दुष्टपणा होता, हे मला ठाऊक नव्हतं."

डॉक्टरांनी नाडी धरली. ती धावत होती. बोटं थरथरत होती. "गोळ्या किती घेता?"

"सकाळी एक," मास्तर म्हणाले.

वहिनी पदराशी चाळा करू लागल्या. "ज्या दिवशी फार तापतात, त्या दिवशी संध्याकाळी दुधातून आणखी एक देते. औषधच ना ते? देव्हाऱ्यात ठेवते, हात जोडूनच देते."

मेंढीची ग्रंथी देव्हाऱ्यात, हे ऐकून मी फडताळातल्या बाटल्या उगाच पुसायला घेतल्या. पण हसू टिकलं नाही. लवकर संपणारी ती बाटली दर वेळी मीच भरून दिली होती, एक शब्द न विचारता. मला माझीच लाज वाटली.

"मास्तर, हा राग तुमचा नव्हे, गोळीचा आहे," डॉक्टर म्हणाले. "गोळी आजपासून बंद."

"म्हणजे मी वाईट माणूस नाही?" मास्तरांनी विचारलं.

"ते महिन्याने बघून सांगतो. तोवर हा कागद माझ्याकडे राहू दे."

महिन्याने आम्ही पुन्हा वखारीत गेलो. "दोनशे सात," मी भीतभीतच म्हणालो.

"असू दे हो," मास्तर हसले. "काल दुपारी वर्गातच डोळा लागला. पोरांनी उठवलंसुद्धा नाही." तिथून ते सरळ डॉक्टरांकडे गेले आणि तो कागद मागून घेऊन फाडला. गुडघे अजून दुखतात.

तेव्हापासून वजन उतरवायची बाटली भरण्याआधी मी विचारतो, झोप लागते का आणि घरात कुणावर ओरडलात का? या प्रश्नावर जो माझ्यावरच ओरडतो, त्याची बाटली रिकामी परत देतो.