पलीकडची जुसिलेनी

जुसिलेनीचं बरं चाललेलं मला बघवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद समजायला नको.

तिचं नखं रंगवायचं दुकान ताबातिंगात, ब्राझीलच्या बाजूला. माझी अरेप्यांची गाडी लेतिसियात, कोलंबियाच्या बाजूला. मक्याच्या जाड भाकऱ्या भाजायच्या, वर चीज घालायचं, हा माझा धंदा. दोन गावांच्या मध्ये नुसता एक रस्ता. तिथे सरहद्द आहे हे फक्त नवख्यांना आठवतं. जुसिलेनी रोज सकाळी माझ्याकडे खायला येते, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेते आणि कॉफीत साखर ओतत बसते.

"अगं, कॉफी आहे ती, पाक नव्हे," मी म्हणते.

"तुझं तोंड बघत प्यायची म्हणजे साखर लागतेच," ती म्हणते.

दोन नवरे झाले तिचे. दोघांनाही अजून वाढदिवसाला जेवायला बोलावते. नदीचं पाणी उतरलं की रविवारी सगळा गोतावळा घेऊन वाळूवर जाते, मासे भाजते, पोट सुटलंय तरी तोकड्या कपड्यांत खुशाल लोळते. आजारी पडली तर त्यांच्या सरकारी दवाखान्यात जाऊन नुसती बसते, की तपासतात. आमच्याकडे आधी कागद, मग शिक्का, मग डॉक्टर, तोवर माणूस आपोआप बरा होतो नाहीतर जातो. मी हे बोलून दाखवलं की ती म्हणते, "पण तुमचं गाव कसं चकचकीत! आमचे रस्ते मेले खड्ड्यांत गेलेत." खड्ड्यांतून जाऊनही हिची चप्पल कधी तुटत नाही, हे माझं दुखणं.

आता एव्हेलिओचं सांगते. बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन वर्षं दर रविवारी चर्च सुटलं की तो आमच्या घरी यायचा. इस्त्रीचा शर्ट, हातात चीजचे गरम पाव. माझी आई दोन्या रोसाल्बा कॉफी करायची, तो सोफ्याच्या कडेला बसायचा, इंजिनांचं आणि पावसाचं बोलायचा. मला कायम 'तुम्ही' म्हणायचा. आमच्यात हे असंच असतं. पुरुष पाव घेऊन रविवारी घरी यायला लागला की सगळी गल्ली समजते. आणखी बोलायचं काय असतं?

जुसिलेनीला हे ऐकून हसू आवरेना. "दोन वर्षं? आणि एकदाही नाचायला नेलं नाही?"

"आमच्यात घाई करत नाहीत."

"आमच्यात मुका घेतला म्हणजे मुका घेतला. पुढे जायचं असेल तर सरळ विचारतात, 'माझी होतेस का?' हो म्हणालीस तर हो. तुझ्या एव्हेलिओने विचारलं का?"

"त्याची गरज नाही."

"मग तो सोफ्याचा आहे, तुझा नव्हे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी तिच्या अरेप्यावर मी चीज कमी घातलं.

सप्टेंबरात आमच्याकडे प्रेमाचा आणि मैत्रीचा दिवस असतो. बाजारातले, बंदरावरचे सगळे चिठ्ठ्या काढतात. ज्याचं नाव निघेल त्याला आठवडाभर गुपचूप गोड ठेवायचं आणि शेवटी जेवणाच्या पंगतीत भेट द्यायची, तेव्हा कळतं कोण होतं. त्या वर्षी जुसिलेनीही हट्टाने सामील झाली. "आमचा दिवस जूनमध्ये, आणि फक्त प्रेमाचा," ती म्हणाली. "तुम्ही त्यात मैत्री कशाला घुसडता? लपायला आडोसा हवा म्हणून?"

माझ्या गाडीवर रोज पेरूची वडी यायला लागली, सुक्या पानात बांधलेली. एव्हेलिओ कॉफीबरोबर हीच वडी खातो. मला आणखी कशाला पुरावा हवा! मी मनातल्या मनात मांडे खायला लागले. आईचे कानातले काढून घातले. आईला म्हटलं, "आता बोलेल बघ तो."

पंगतीच्या दिवशी माझं नाव पुकारलं आणि भेट घेऊन कोण उभं राहिलं? जुसिलेनी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने सगळ्यांदेखत माझे मुके घेतले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं आनंदाचं.

मग तिने मला बाजूला नेलं. "नूबिया, खरं सांग. एव्हेलिओ हल्ली माझ्या दुकानाशी घुटमळतो. तो तुझा असेल तर मी दार लावून घेते. तुझा आहे का?"

हो म्हणायचं होतं. पण पुरुषाने तोंड उघडायच्या आधी बाईने 'माझा' म्हणायचं? आणि तेही हिच्यासमोर, हिच्या वड्या खाल्ल्यावर?

"माझा कसला? आईला भेटायला येतो तो," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी एव्हेलिओ आला. हातात पाव नव्हते. आई कॉफीला आत गेली.

"मी काल जुसिलेनीला विचारलं," तो म्हणाला.

"काय?"

"माझी होतेस का, म्हणून. त्यांच्याकडे विचारावं लागतं म्हणे." त्याचे कान लाल झाले. "ती म्हणाली, 'आधी नूबियाकडे जाऊन ये. ती मला नाही म्हणाली, पण तिच्या नाहीवर माझा विश्वास नाही.' म्हणून आलो. तुमचं माझ्यावर काही म्हणणं आहे का? असेल तर मी पुढे जाणार नाही."

दोन वर्षं हा माणूस माझ्या सोफ्यावर मूग गिळून बसला होता, आणि तिला एका दुपारीत विचारून मोकळा झाला. असं जळलं माझं काळीज की काय सांगू. नाही म्हटलं असतं तर तो तसाच उठून रस्ता ओलांडून गेला असता, हे मला कळत होतं.

"आहे," मी म्हटलं. "अख्ख्या गल्लीने तुम्हाला या दारात पाहिलंय. आता मी बाहेर कुठल्या तोंडाने पडू?"

त्याने हातातली टोपी सोफ्यावर ठेवली. माणूस सज्जन.

"बरं," म्हणाला.

तेवढंच. आई कॉफी घेऊन आली, मी तिला सांगितलं, आणि ती रडायलाच लागली. बिचारीला फार आनंद झाला होता.

लग्नाला जुसिलेनी आली. सकाळी माझी नखं तिनेच रंगवली, पैसे घेतले नाहीत, आणि संध्याकाळी सगळ्यांत जास्त तीच नाचली. एव्हेलिओशी मात्र नाही नाचली. शब्द दिला होता ना तिने. अजूनही त्याच्या वाटेला जात नाही. मी चोरून बघत असते, कुठे उदास दिसते का. नाही हो दिसत. रोज येते, साखर ओतते, नव्या कुणाचं तरी सांगून खिदळते. हरली ती, आणि जळते मी.

एव्हेलिओ चांगला नवरा आहे. पगार हातात देतो, आईची औषधं आणतो, आवाज कधी चढवत नाही. संध्याकाळी मी गाडी लावून घरी आले की पाण्याचा पेला पुढे करतो. धंदा कसा झाला विचारतो, मग मक्याचा भाव विचारतो. मग दुसरीकडे बघत म्हणतो, "आणि पलीकडे? सगळी बरी आहेत ना?"

"बरी आहेत," मी म्हणते. मग तो जेवतो.