डॉक्टरांच्या फियाटची ट्रायल

"आता उतारावर पाहा शेठ, ब्रेक कसा लागते," म्हणत मी पाय दाबला. गाडी जागीच थांबली. वाशीमजवळच्या मालेगावचे शेठ खूश झाले. "काम चोख केलं तुमी, मिस्तरी!"

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वाशीमला माझं गॅरेज होतं. गाडी लढाईच्या आधीची, छोटी इटालियन फियाट. पुढे दोन जागा, मागे जेमतेम ट्रंक मावेल एवढी फट. ती आमच्या डॉक्टरांची. डॉक्टर पोळ्याच्या सुमारास वारले. डॉक्टरीणबाईंना माहेरी अमरावतीला जायचं होतं, पण गाडी दारात उभी असेपर्यंत पाय निघत नाही म्हणायच्या. मी बोअरिंग केलं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल करून घेतले. नवे पिस्टन बसवले. मग शेठना घेऊन डॉक्टरांच्या रोजच्या, अनसिंगच्या रस्त्याला ट्रायलला निघालो.

उतार संपला तिथे एक माणूस हात जोडून रस्त्यातच उभा राहिला. मागे बैलगाडीत त्याची दिवस भरलेली बायको कण्हत होती.

"डॉक्टरसायेब, बरे आले! रातपासून अडून राह्यली ती."

मी खाली उतरलो. "डॉक्टर गेले, भाऊ. तुले माहीत नाही?"

"मी कामाले खानदेशात होतो. कालच आलो." तो गाडीकडे पाहत राहिला. "मंग हे गाडी?"

"विकायची हाय."

"तुमीच न्या ना मंग तिले दवाखान्यात. बैलं कवा पोचतीन?"

मी दार उघडलं. "शेठ, उतरा."

"काहून? मी गिऱ्हाईक हाओ का नाही?"

"दोनच जागा हायेत, शेठ."

ते उतरले. रागाने लाल झाले होते, पण बाईला चढवताना टेकू त्यांनीच दिला. नवरा मागच्या फटीत अंग चोरून बसला. बाई ओरडायची तेव्हा तो मोठ्याने डॉक्टरांचं नाव घ्यायचा. गाडी मात्र कुठे अडखळली नाही.

सरकारी दवाखान्यात बाई वाचली. पोर गेलं.

शेठ स्वतः बैलं हाकत त्याच बैलगाडीतून वाशीमला परतले आणि पुन्हा गाडीचं नाव काढलं नाही. संध्याकाळी मान खाली घालून मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं.

"ते बाई कशी हाय?" एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "मिस्तरी, गाडी या भागात विकू नका. लोक वाट पाहतीन."

नागपूरचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत हिवाळा सरला. तोवर डॉक्टरीणबाई इथेच थांबल्या. तेव्हापासून माझा एक नियम आहे. डॉक्टरची गाडी विकायची असेल, तर ट्रायल त्याच्या रोजच्या रस्त्यावर देत नाही.