बॉनेटखालचा शेंदूर

आमच्या घरात देवाचं खातं आईकडे होतं, गाडीचं दादाकडे आणि शंका काढण्याचं माझ्याकडे. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवतो. वीस वर्षं मुलांना एकच सांगत आलो आहे की कारण सापडत नाही तोवर उत्तर लिहू नका. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्याला अनुभव म्हणायचं की योगायोग, हे मी ठरवलेलं नाही. ठरवून पाहिलं, जमलं नाही. म्हणून जसं घडलं तसं सांगतो.

दादा माझा मोठा भाऊ. पीथमपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. लग्न केलं नाही. सुदामा नगरच्या घरात खाली आई आणि तो, वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको. गेल्या वर्षी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही. सगळं शहर अंगावरचा रंग खरवडत होतं आणि आम्ही डॉक्टरांची वाट बघत बसलो होतो. आईने रडून घेतलं, तेरावं होऊ दिलं आणि मग घराबाहेर पडणं बंद केलं. दर बुधवारी दादा तिला आपल्या छोट्या पांढऱ्या गाडीतून खजराना गणपतीला न्यायचा. मी म्हटलं, माझ्या गाडीतून चल. रिक्षा बोलावतो म्हटलं. ती म्हणाली, "त्याच्या गाडीतून नेशील तर येते. नाहीतर राहू दे." ती हट्टी नाही, पण एकदा 'राहू दे' म्हणाली की विषय संपतो. पावसाळा येईपर्यंत तिचं जेवण अर्ध्या पोळीवर आलं होतं. दिवसभर खिडकीशी बसायची आणि गेटमधल्या त्या गाडीकडे बघायची. दादा गेला होता, आता ही पण माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू निघून चालली आहे असं मला वाटायचं, आणि त्याची भीती वाटायची.

त्या गाडीचं आणि आईचं एक वेगळंच नातं होतं. दर दसऱ्याला दादा बॉनेट उघडून धरायचा आणि आई तिळाच्या तेलात शेंदूर कालवून इंजिनच्या मागच्या पत्र्यावर थापायची. झेंडूची माळ पुढे, शेंदूर आत. मी एकदा म्हटलंही होतं, "आई, हे इंजिन आहे, देव नाही." ती म्हणाली, "तुझ्यासाठी नसेल." दादा नुसता हसला. तो असल्या वादात कधी पडायचा नाही.

गाडीला दिवाळीनंतर पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. तिथून पुढे नोंदणी वाढवल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येणार नव्हती, आणि गेलेल्या माणसाच्या नावावर नोंदणी वाढत नाही. म्हणजे आधी गाडी माझ्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी आरसी हवी, म्हणजे नोंदणीचं कार्ड. आणि आरसी नव्हती, कारण ती मी फेकली होती. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी दादाचं कपाट एका दुपारी रिकामं केलं. जुनी बिलं, मॅन्युअल, वर्तमानपत्रं, तीन पिशव्या भरल्या आणि रद्दीवाल्याला देऊन आलो. गाडीचं कार्ड तिच्या मॅन्युअलच्या कव्हरात असायचं, हे मला तीन आठवड्यांनी आठवलं. धावत गेलो. रद्दीवाला म्हणाला, "भिया, वो माल तो कब का निकल गया." आईला मात्र मी सांगत राहिलो की आरटीओच्या दफ्तरात वेळ लागतोय, काम चालू आहे. ती दर बुधवारी विचारायची आणि मी दर बुधवारी तेच सांगायचो. खोटं बोलायला मला त्रास होत नव्हता, याचाच पुढे त्रास व्हायला लागला.

शेवटी भाद्रपदात मी खरंच हालचाल सुरू केली. पहिल्या खिडकीवरच्या बाबूंनी सांगितलं, "गुम आरसी की अर्ज़ी पे जिनके नाम गाड़ी है, उनके साइन लगेंगे." मी म्हटलं, ते राहिले नाहीत. ते म्हणाले, "तो फिर ट्रांसफर कराइए, ओरिजिनल आरसी लगा के." म्हणजे आरसीसाठी दादाची सही हवी आणि ट्रान्सफरसाठी आरसी. त्यांची चूक नव्हती, माझं प्रकरणच तसं होतं. मागून एक बाई उठून आल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं: ठाण्यात हरवल्याची नोंद, शपथपत्र, मृत्यूचा दाखला आणि आई वारस म्हणून तिची ना-हरकत. त्या कागदावर 'आरसी गुम' असं ठळक छापलेलं होतं. आईपुढे तो ठेवताना मी त्या ओळीवर हात ठेवला आणि म्हटलं, इथे सही कर. तिने चष्मा लावला, सही केली, चष्मा काढून ठेवला. मला लाज वाटली, पण कागद मिळाला होता.

तरीही गाडं अडलंच. गाडीच्या विम्याच्या कागदावरचा चेसिस नंबर आणि दफ्तरातला नंबर यांत एका आकड्याचा फरक निघाला. एकीकडे तीन, एकीकडे आठ. दफ्तरातले साहेब म्हणाले, खरा नंबर गाडीवरच असतो, त्याचा प्रिंट घेऊन या. गाडीच्या पत्र्यात नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासली की तो उमटतो, तोच प्रिंट. "जंग लगके नंबर गल गया हो तो फ़ाइल ऊपर जाएगी, फिर महीनों का काम है," असं गंजाबद्दलही त्यांनी सांगून ठेवलं. दिवाळीला दीड महिना उरला होता.

नवरात्राच्या आदल्या बुधवारी मी गाडी घेऊन दफ्तरात गेलो. बाहेर प्रिंट काढणारे दोघं-तिघं बसलेले असतात. पहिल्याने बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि मान हलवली. "पूरा लाल पड़ गया है सर. गल गया. इसमें कुछ नहीं आएगा." मीही बघितलं. नंबराच्या जागी लाल-काळपट, जाड पापुद्रा होता. पंधरा वर्षांच्या पत्र्याला गंज चढतो, त्यात नवल काहीच नाही. लोखंड, हवा, पाणी. मी स्वतः मुलांना शिकवतो.

मी गाडीत जाऊन बसलो. बॉनेट उघडंच होतं, समोरचं काही दिसत नव्हतं. सीट दादाच्या उंचीएवढी मागे होती, माझे पाय पेडलपर्यंत कसेबसे पोचत होते. आईला आज काय सांगायचं, हे मला सुचेना. सहा महिने मी एक ना एक युक्ती काढत आलो होतो, आणि त्या क्षणी एकही उरली नव्हती. मी मोठ्याने म्हणालो, "आता माझ्याकडून नाही होत." कुणाला म्हणालो ते माहीत नाही. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. फक्त सोडून दिलं.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. पांढरी दाढी, खिशात तीन पेन्सिली, हातात एक मळका फडका. "भिया, गाड़ी थोड़ी आगे ले लो, पीछे वाले को निकलना है," ते म्हणाले, आणि उघड्या बॉनेटकडे बघून तिथेच थांबले. आत वाकले. त्या पापुद्र्यावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "किसने कहा जंग है? ये तो सिंदूर है."

मी खाली उतरलो. आई शेंदूर नेमका कुठे थापते, हे मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं. त्यांनी फडका रॉकेलमध्ये बुडवला आणि पुसायला लागले. एक थर निघाला, खाली दुसरा, त्याच्याखाली आणखी. मी मोजत नव्हतो, पण ते स्वतःशीच म्हणत होते, "परत पे परत है," थरावर थर. शेवटी पत्रा दिसला. आजूबाजूचा भाग गंजाने खाल्लेला, आणि त्या वीतभर जागेत नंबर कालच ठोकल्यासारखा स्वच्छ. आठ होता. दफ्तरातलं बरोबर होतं, विम्याच्या कागदावर चूक होती. त्यांनी कागद धरून पेन्सिल घासली, एकेक आकडा वर येत गेला. मग न विचारता दुसरा कागद धरला आणि आणखी एक प्रिंट काढला. "ये घर ले जाना. जिसने लगाया है, उसको दिखाना." आणि मागच्या गाडीला वाट करून द्यायला निघून गेले.

त्यांना मी पुढे दोनदा भेटलो. ते रोज तिथेच असतात. मला ओळखलं नाही, मिठाई मात्र घेतली. गूढ वगैरे काही नाही, चांगला माणूस आहे. तेलात कालवलेला शेंदूर हवा आणि पाणी अडवतो, त्यामुळे पत्रा वाचला, हेही मी जाणतो. तरी ते त्या वेळी, त्याच काचेवर का आले, याचं कारण माझ्याकडे नाही. आणि कारण सापडत नाही तोवर मी उत्तर लिहीत नाही.

घरी येऊन मी आईच्या हातात तो कागद दिला आणि दफ्तराबाहेर घडलेलं सांगितलं. तिने आकड्यांवरून बोट फिरवलं. पोथीवरून फिरवते तसंच. मग म्हणाली, "मी तर पहिल्या वर्षी पुढे काचेला लावत होते. दादाच म्हणाला, आई, गाडीचं कपाळ इथे आहे, इथेच लाव. आणि तेल जरा ज़्यादा घाल. दरवर्षी म्हणायचा, तेल ज़्यादा."

दादाने आयुष्यभर कारखान्यातली यंत्रं गंजापासून वाचवली होती. त्याने आईच्या पूजेत ढवळाढवळ केली नाही, तिला काही समजावलं नाही, फक्त तिचा हात योग्य जागी नेऊन ठेवला. मी त्यावर वाद घातला होता. त्याने बॉनेट धरलं होतं.

मग मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की गाडीची आरसी मीच रद्दीत घातली होती, आणि सहा महिने तिच्याशी खोटं बोललो. ती म्हणाली, "माहीत आहे रे. त्या पिशव्या नेत होतास तेव्हा मी खिडकीतच होते. आणि हिंदी वाचता येतं मला. तुझ्या बोटांच्या फटीतून दिसत होतं ना सगळं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दादा गेल्यापासून तू रडलाच नाहीस. त्या दिवशी काहीतरी उचलत होतास, नेत होतास. म्हटलं, नेऊ दे. हातांना काम हवं होतं तुझ्या."

त्या संध्याकाळी मी रडलो. आई शेजारी बसून होती. मग उठली आणि दोन पोळ्या जेवली.

नवरात्रात गाडी माझ्या नावावर झाली. पहिल्या बुधवारी आई पुढच्या सीटवर बसून खजरान्याला आली. मी देवापुढे उभा राहिलो, काही मागितलं नाही. एवढंच कळलं होतं की सगळं माझ्याच हातात आहे असं समजून मी धावत होतो, तेव्हा सांभाळणारे हात दुसऱ्याच कुणाचे होते. त्यातले एक आईचे होते, एक दादाचे, एक त्या दाढीवाल्या चाचांचे. आणखी कुणाचे असतील तर त्यांनाही माझा नमस्कार पोचो.

वर्षाच्या आत सण करायचा नसतो, म्हणून दसऱ्याला तोरण नव्हतं, गोड नव्हतं. पण आई वाटी घेऊन गेटपाशी आली. तिला आता वाकवत नाही, म्हणून या वेळी बॉनेट तिने धरलं आणि शेंदूर मी कालवला. पुसून उघडा पडलेला नंबर अजून चकाकत होता. मी पहिलं बोट लावणार तेवढ्यात ती म्हणाली, "तेल ज़्यादा घाल."

घातलं.