जामखेडचा हरभरा आणि एक घोट आंब

जामखेडला कसं जायचं, हे हल्ली दोघातिघांनी विचारलं. मी पहिल्यांदा गेलो तो बहात्तरच्या जानेवारीत, आणि हौसेनं नाही. पुण्यात एका कृषी कार्यालयात नुकताच लागलो होतो. हरभऱ्यावर घाटेअळी पडली होती, गावोगाव जाऊन कीटकनाशक भुकटी धुरळून दाखवायची होती. साहेब म्हणाले, "तुम्ही जा." मी पिशवी भरली.

पहिला मुक्काम काष्टी. दौंडहून पॅसेंजर दोन तास उशिरा सुटली. काष्टीला बाजाराचा दिवस होता. माणसं माझ्या भुकटीच्या पुड्यांकडे बघायची आणि पुढे सरकायची. गुडदाणी आणि शेव खाऊन दिवस काढला, दोन शेतांत धुरळणी केली. दुसऱ्या दिवशी नगरला येऊन जामखेडची एसटी धरली. आष्टीच्या अलीकडे टायर बसलं. उतरून उन्हात उभे राहिलो. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढीही न झालेली ज्वारी. रस्ता आता चांगला आहे, पण सावली आजही कमीच. पाणी जवळ ठेवा.

जामखेडपासून तीन कोस चालून गावात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. अंग आंबून गेलं होतं. ग्रामसेवकानं कौसाबाईंचं रान दाखवलं. नवरा बैल घेऊन ऊसतोडीला गेलेला. घरी त्या आणि त्यांचे सासरे, तात्या. विहिरीच्या ओलीवर दहा-बारा वाफे हरभरा होता. घाट्यांना, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगांना, भोकं पडली होती, पण शेजारच्या रानाइतकी नाहीत. असं का, हे विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं. फडक्याची पुरचुंडी करून मी भुकटी झटकत गेलो. रानातून परतताना माझ्या चपलांचे पट्टे आंबट वासाच्या ओलीनं भिजले होते, पायांना चुणचुण होत होती.

निघताना बजावलं, "आठ-दहा दिवस याचा पाला खुडून भाजी करू नका."

"न्हाई खात," कौसाबाई म्हणाल्या.

शाळेच्या ओसरीवर झोपलो. सकाळी मी तोंड धुऊन त्यांच्याकडे चहाला गेलो. कौसाबाई ओलं धोतर पिळत होत्या. खाली पितळी वाटी. तात्यांनी ती उचलली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काय आहे ते?" मी विचारलं.

"आंब. हरबऱ्याची," तात्या म्हणाले. "पोटाला लई गुनाची. आज चव येगळीच हाय."

पहाटे दवात हरभऱ्यावर धोतर पसरायचं, पानांवरचे आंबट थेंब त्यात टिपायचे आणि पिळून घ्यायचे. हे मला ठाऊकच नव्हतं. वाटी मी तात्यांच्या हातातून हिसकावून घेतली. मिठाचं पाणी करून दोनदा उलटी करवली. शेजाऱ्याची गाडी जुंपली. जामखेड येईपर्यंत तात्यांचे हात थरथरायला लागले होते.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "किती प्यायले?"

"एकच घोट."

"पुड्यावरचं वाचून सांगता ना लोकांना?"

"सांगतो. आंबेचं त्यावर काही नाही."

ते तात्यांना घेऊन आत गेले.

दोन दिवस मी बाकावर बसून होतो. शेजारी कौसाबाई. पहिल्या दिवशी त्या एवढंच बोलल्या, "तुमी पाला खाऊ नका म्हनलात. आमी पाला न्हाई खाल्ला."



दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांनी भाकरी मागितली. मी समोरच्या खानावळीतून दोन भाकऱ्या आणि पातळ पिठलं आणलं. ते जेवताहेत हे बघून कौसाबाईंचा आवाज थोडा सैल झाला. मी विचारलं, तुमच्या रानात अळी कमी कशी?

"आंबंनं. त्या आंबटाला किडं भितंय. घाटंअळी तेवढी दाद देत न्हाई, पर बारकी असंल तर तिलाबी जड जातंय. म्हनून आमी समद्या रानाची आंब कंदी काढत न्हाई. आज ह्यो वाफा, परवा त्यो. समदी टिपली तर झाड उघडं पडतंय."

"आणि शेजारचे?"

"ती समदी टिपत्यात. बाजारात इकत्यात."

पुढे पुस्तकांतून वाचलं: पानांवरच्या बारीक केसांच्या टोकांशी आम्लाचे थेंब असतात, आणि बऱ्याच किडींना ते सोसत नाहीत. आदल्या संध्याकाळी त्याच थेंबांवर मी विष पसरलं होतं.

तिसऱ्या दिवशी तात्या गाडीत बसून घरी गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नवं हायसा. शिकाल." रागावले असते तर बरं झालं असतं. परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली, पण झोप लागली नाही.

पुण्याला पोचून अहवाल लिहिला. पुड्यासोबतच्या पत्रकात एक ओळ घाला म्हटलं: धुरळणीनंतर हरभऱ्याची आंब घेऊ नये. साहेबांनी चष्मा वर केला. "आंब म्हणजे काय हो?" मी सांगितलं. त्यांनी शेजारच्या दोघांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. ओळ छापली गेली, बारीक अक्षरात.

तीस वर्षं मी याच खात्यात फिरलो. त्या बाकावरचा थकवा अजून आठवतो. नंतर कुठल्याही गावात पुडा फोडायच्या आधी मी घरातल्या बाईला विचारायचो, या झाडाचं तुम्ही काय काय घेता? उत्तर ऐकायला अर्धा-पाऊण तास जायचा. सोबतचे जीपमधून हॉर्न वाजवायचे. मी बसून राहायचो.