चार वाजताची फायनल

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. त्याआधी आम्ही उस्मानाबादेत मोडत होतो आणि कुठल्याही स्पर्धेत आमची नावं यादीच्या तळाशी असायची. त्या वर्षी विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धा नांदेडला ठरल्या आणि पहिल्यांदाच लातूरचा वेगळा संघ जाणार होता. उदगीरच्या आमच्या कॉलेजातून मुलींमध्ये दोघीच निवडल्या गेल्या. मी आणि माझ्या खोलीतली मैत्रीण. दोघीही आठशे मीटरला. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली पळायची, हे मी आधीच सांगून टाकते.

ती कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या खेड्यातली. लिंगायत शेतकऱ्याचं घर, घरात कानडी. उंच, रुंद खांद्यांची, आवाज घोगरा, ओठांवर बारीक लव. बुटांनी तिची चाल बिघडायची म्हणून ती अनवाणी पळे. गळ्यातलं इष्टलिंग उडू नये म्हणून ते कापडाच्या पट्टीनं छातीशी घट्ट बांधून घेई.

दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. वसतिगृहात टँकर एक दिवसाआड यायचा आणि दोन मुलींत मिळून एक बादली मिळायची. आम्ही दोघी एकदमच न्हाणीत शिरायचो. एकीनं दुसरीच्या अंगावर तांब्या ओतायचा, खाली सांडलेलं पाणी घमेल्यात धरायचं आणि त्यात कपडे धुवायचे. तिची पाळी आली की माझ्या जुन्या साडीचे तुकडे मीच तिला फाडून द्यायची. तिच्याबद्दल मला ठाऊक नाही असं काही उरलंच नव्हतं.

नांदेडला सकाळी आठशेच्या प्राथमिक फेऱ्या झाल्या. मुरमाचं मैदान, त्यावर चुन्याच्या रेघा, आणि दहा वाजताच पाय भाजतील असं ऊन. तिची फेरी माझ्यानंतर होती. मैदानाच्या दुसऱ्या चकरेच्या वळणावर तिनं नांदेडच्या मुलीला मागं टाकलं आणि मग मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. दोरीपाशी उभ्या असलेल्या पोरांनी आधी शिट्ट्या मारल्या. मग एक जण ओरडला, "ओ पैलवान, मिशी कुठं इसरलास?" सगळा घोळका हसला. ती हसण्याकडं लक्ष न देता माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "पाणी हाय का गं?"

अर्ध्या तासात तक्रार आली. ही मुलगी नाही, मुलगा आहे, असं कुणीतरी लिहून दिलं होतं. मंडपात तिघा जणांची समिती बसली. आमच्या संघाबरोबर आलेले सर, ज्यांनी तिच्याकडून वर्षभर सराव करून घेतला होता, ते समितीपुढं हात चोळत उभे राहिले. "तपासून घ्या साहेब," ते म्हणाले. "आमचा नवा जिल्हा हाय. पहिल्याच वर्षी बदनामी नको."

मग समितीनं मला बोलावलं. मधल्या खुर्चीवरच्या माणसानं विचारलं, "तुम्ही एका खोलीत राहता ना?"

"हो, सर."

"मग तुम्हीच सांगा. ती तुमच्यासारखीच मुलगी आहे का? तुम्ही खात्रीनं सांगितलं तर आम्ही तक्रार इथंच फेटाळतो. डॉक्टर-बिक्टर काही नको."

ती मंडपाच्या खांबाला टेकून उभी होती. माझ्याकडं पाहत होती, अगदी निर्धास्त. मी काय सांगणार याबद्दल तिच्या मनात काही शंकाच नव्हती. आणि मी मनात हिशेब करत होते. फायनलला पहिल्या दोघी विद्यापीठाच्या संघात जाणार. एक ही आणि दुसरी नांदेडची. म्हणजे मी तिसरी.

"मला काय माहीत, सर," मी म्हणाले.

ती खांबापासून जराशी पुढं झाली. मी ऐकू येईल असं बोलले नाही, असंच तिला वाटलं असावं. "अगं, सांग की," ती म्हणाली. मी खाली बघत राहिले. सर म्हणाले, "बघा, हिलाच म्हाईत न्हाई."

जिमखान्याच्या मागं भाले आणि हर्डल्स ठेवायची एक खोली होती. तिथं तिला बसवलं आणि दाराशी एका शिपाईबाईला उभं केलं. दवाखान्यातून लेडी डॉक्टरला बोलावणं गेलं. पण गावात दूषित पाण्यानं जुलाब-उलट्यांची साथ चालू होती, डॉक्टरांना सवड नव्हती. तीन वाजले, साडेतीन वाजले. नांदेडचे शिक्षक म्हणाले की फायनल पुढं ढकला. समितीनं नकार दिला. वेळापत्रक छापलेलं होतं.

चार वाजता फायनल झाली. मी दुसरी आले. पळताना मला तिची आठवण आली असती तर आज सांगायला बरं वाटलं असतं. नाही आली. मला समोरच्या मुलीची वेणी दिसत होती आणि मागची पावलं ऐकू येत होती, एवढंच. शिपाईबाईनं नंतर मला सांगितलं, पिस्तुलाचा आवाज झाला तशी ती पोरगी उठून उभी राहिली, आणि टाळ्या थांबेपर्यंत खाली बसली नाही.

डॉक्टर पाचनंतर आल्या. आत पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. गळ्यातलं काढ म्हटल्यावर तिनं ते काढलं नाही, मुठीत घट्ट धरून ठेवलं, असं शिपाईबाई म्हणाली. बाहेर येताच डॉक्टर समितीवर डाफरल्या, "कुणाच्या डोक्यातून निघालं हे? मुलगी आहे ती. माझे पेशंट तिकडं मरायला टेकलेत." उभ्या उभ्या त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि निघून गेल्या.

सर तिच्याकडं वळले. "मिटलं की आता. रडतीस कशाला?"

ती रडत नव्हती. मी जवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही. दोन बोटांत धरून उचलला आणि बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी पंधराशे मीटर होतं आणि त्यात तिचंही नाव होतं. सर म्हणाले, पळावंच लागंल, न्हाई तर लोक म्हणतील काहीतरी व्हतंच. आदल्या दिवशीची पोरं मित्रांना घेऊन आली होती. बंदूक सुटली आणि ती पळाली. कशी पळाली ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. कोपरं अंगाशी घेऊन, लहान लहान पावलं टाकत, मान खाली घालून. लग्नात नवरी चालते तशी ती पळत होती. सगळ्यांत शेवटी आली. दमसुद्धा लागला नव्हता तिला. सर खूश झाले. "शाब्बास," ते म्हणाले. "आता कुणी ब्र काढणार न्हाई."

उदगीरला परतल्यावर ती माझ्याशी बोलायची, पण कामापुरतंच. बादली भरली का, दिवा मालवू का. आंघोळीला मात्र ती आता माझ्यानंतर जायची आणि आतून कडी लावायची. महिन्याभरात तिचे वडील तिला न्यायला आले. पांढरा पटका, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं अगदी हळू. ट्रंक खाली उतरवून ते सरांच्या खोलीत गेले. मी दाराशीच होते.

"गुरुजी, त्या डाक्टरनीची चिठ्ठी द्या," ते म्हणाले.

"ती तुम्हाला कशाला?"

"सोयरीक मोडली पोरीची. गोष्ट गावापत्तोर आली. आता कोणी पाहुणे आले तर दाखवाया लागंल. शिक्का मारून द्या."

सर म्हणाले, "कागद समितीकडं ऱ्हायला, नांदेडला. आमच्याकडं काय न्हाई." म्हातारा हात जोडून बाहेर आला. माझ्याकडं पाहून म्हणाला, "तू मैतरीन ना तिची? तू सांगितलं असशीलच की लोकांला." मी मान हलवली. कशासाठी हलवली, कोण जाणे. ट्रंकेचं दुसरं टोक धरायला मी पुढं झाले, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." बापलेकींनीच ट्रंक उचलली.

मी विद्यापीठाच्या संघातून खेळले. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पाचवी आले. त्या प्रमाणपत्रावर मला पुढं शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जागा मिळाली आणि त्यावर नोकरी. माझ्या घरात त्या चार वाजताच्या फायनलचं पदक काचेच्या कपाटात आहे आणि माझे विद्यार्थी ते पाहून जातात.

तिला मी त्यानंतर एकदाच भेटले, उदगीरच्या स्टेशनवर, पंधराएक वर्षांनी. बिदरकडच्या एका बिजवराला दिली होती तिला. सोबत दोन मुली होत्या, तिच्यासारख्याच लांब पायांच्या. मी ओळख दाखवू की नको अशा विचारात होते. पण तिनंच हाक मारली. दुष्काळ, पाऊस, तुरीचा भाव, माझी नोकरी, सगळं विचारलं. मी म्हणाले, "मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोलतेसच की," ती म्हणाली.

तेवढ्यात तिनं मुलींना कानडीत सांगितलं, "या मावशी लई पळायच्या. विद्यापीठात खेळल्या." मला कानडी कळतं, हे ती विसरली नसणार.

धाकटीनं आईला विचारलं, "आणि तू, यव्वा? तू पळायचीस का?"

"छे," ती म्हणाली. "मी नुसती सोबतीला जायची."

गाडी आली. तिनं दोन्ही मुलींना चढवलं, बोचकं आत लोटलं आणि स्वतः चढली. खिडकीची जागा तिला मिळाली होती. पण ती पलीकडं तोंड करून बसली.