काकींनी लावलेलं कुलूप

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९९७. काम साधंच होतं. कांद्याच्या बियाण्याचा नवा माल आला होता, त्याची नोंद कॉम्प्युटरवर चढवायची. पण मशीन सुरू करायला काकी वायर देईपर्यंत थांबावं लागे, कारण रोज संध्याकाळी काकी कॉम्प्युटरची वायर उपसून, गुंडाळून, पिशवीत घालून घरी न्यायच्या. सकाळी त्या पिशवीतून आधी वायर निघायची, मग लवंगांची डबी, मग चष्मा.

"वायर माझ्याकडं असली म्हंजे रातचं कुणी चालवणार न्हाई," असं त्यांचं म्हणणं. शटर आणि दोन कुलपं ओलांडून आमचा कॉम्प्युटर चालवायला कोण येणार आहे, असं मी एकदा विचारलं होतं. "त्येच तर म्हाईत न्हाई ना," त्या म्हणाल्या.

पेठ गावात, पुणे-नाशिक रस्त्याला लागून कांताकाकींचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान होतं. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या. मारवाडी त्या फक्त देवाशी आणि पुण्यातल्या पुतण्याशी बोलायच्या, बाकी सगळं आमच्यासारखंच. पुतण्यानेच जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. मी दुकानाचा हिशेब बघायचे. संगीता कॉम्प्युटर चालवायची. ती अवसरी खुर्दची, बारावी झालेली, बाहेरून बीए करत होती. नोकरी आहे तोवर लग्नाचं काढणार नाही, असं तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं. म्हणून ताप असला तरी संगीता दुकानात हजर असायची.

काकी ठेंगण्या, पांढऱ्या साडीतल्या, कमरेला चाव्यांचा हा एवढा जुडगा. त्या आल्याचं चाव्यांच्या आवाजावरूनच कळायचं. पण जेव्हा त्यांना कुणावर लक्ष ठेवायचं असे, तेव्हा जुडगा मुठीत घट्ट धरून, आवाज न करता येत. आपण मान वर करावी, तर काकी मागे उभ्या. "मी कुणावर संशय घेत न्हाई," असं त्या वारंवार सांगायच्या. "मी निस्तं बगते."

त्यांचं हे बघणं उगाच आलेलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा दोन दीर मदतीला म्हणून आले आणि वर्षभरात फळ्या रिकाम्या झाल्या. काकींनी दोघांना हात जोडून गाडीत बसवलं आणि स्वतः गल्ल्यावर बसल्या. तेव्हापासून मदत हा शब्द कुणी काढला की त्यांचे डोळे बारीक व्हायचे.

पण याच स्वभावावर दुकान चालत होतं, हेही सांगितलं पाहिजे. कंपनीचं बियाणं कितीही नावाजलेलं असो, काकी आधी मूठभर बी ओल्या गोणपाटात गुंडाळून मागच्या पडवीत ठेवायच्या. उगवलं तर विकायचं. एखाद्याचं बी शेतात उगवलं नाही अशी तक्रार आली, की त्या जीपमध्ये बसून त्याच्या रानात जायच्या. आधी शेतकऱ्यावर संशय: "पाणी दिलं व्हतं का? खरं सांग." मग बोटाने सरी उकरून बी बाहेर काढायच्या, नखाने फोडून बघायच्या आणि मग कंपनीवर संशय. काकींचा कुणावर विश्वास नाही, म्हणून लोकांचा काकींवर होता. पार जुन्नर तालुक्यातून, पिंपरी पेंढारहून माणसं बियाण्याला त्यांच्याकडे यायची.

तर त्या शुक्रवारी दुपारी लाइट गेली. संगीता आतल्या खोलीत मशीनपुढे, मी बाहेर पावत्या लावत होते. काकी बॅटरी घेऊन आत गेल्या. "भायेर ये गं. अंधारात आत बसायचं न्हाई," असं म्हणून त्यांनी संगीताला बाहेर काढलं. त्या मागून जरा वेळाने आल्या. तासाभराने लाइट आली. संगीताने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, मशीनने टूं केलं आणि इंग्रजीत एक ओळ दाखवून थांबलं. कीबोर्ड सापडत नाही, असा तिचा अर्थ होता. कीबोर्ड तर समोर होता. संगीताने एकेक करून सगळी बटणं दाबली. काही नाही.

काकींनी दारातूनच विचारलं, "लाइट गेली तवा आत कोण व्हतं?"

"मीच होते, काकी. तुम्हीच बोलावलंत बाहेर."

"त्येच इचारते. काय केलंस?"

"काही नाही केलं."

"मग मशीन काय उगं रुसलं?"

इतकंच असतं तर निभावलं असतं. पण संगीताचा मामा समोरच्या बियाण्याच्या दुकानात टेम्पो चालवायचा. ही गोष्ट काकींनी वर्षभर पोटात ठेवली होती, ती त्या दिवशी बाहेर आली. पाच वाजता संगीताचे वडील, भिवाभाऊ, तिला न्यायला आले तेव्हा दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. त्या सगळ्यांसमोर काकी म्हणाल्या, "भिवा, तुझ्या पोरीनं मशीन बिगडवलं. कुनाच्या सांगण्यावनं, ते तुझ्या मेव्हण्याला इचार."

भिवाभाऊंनी पायातली चप्पल न काढताच दारात उभं राहून ऐकलं. त्यांच्या बापाने मेंढरं राखली, यांनी शेती धरली. बोलायचे कमी. "काकी," ते म्हणाले, "आमच्या बापानं आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवली. पन कुनाचं कनीस मोडलं न्हाई. चल गं, संगे. उद्यापासनं यायचं न्हाई."

संगीता रडली नाही. खुर्चीवरची ओढणी उचलली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, आता घरात लग्नाचंच निघणार."

ती गेल्यावर गिऱ्हाइकं पांगली आणि मी मशीनपुढे बसले. मला संगीताचा कळवळा आला होता असं नाही, मला शंका होती. लाइट गेल्यामुळे बिघडतं ते जळतं, नाहीतर अजिबात सुरूच होत नाही. हे तर सुरू होऊन अडत होतं. आधी सगळ्या पिना काढून पुन्हा बसवल्या. मग कीबोर्ड उलटा करून थोपटला. त्यातून कांद्याचं काळं बी पडलं, बडीशेप पडली, पण फरक पडला नाही. मग रस्त्यापलीकडच्या टायपिंगच्या क्लासमधून दुसरा कीबोर्ड मागून आणला. तोही मुकाच. म्हणजे दोष कीबोर्डात नव्हता, मशीनच्या डब्यात होता. बॅटरी मारून डब्याची समोरची बाजू बघितली. बटणाच्या शेजारी पेटीच्या कुलपासारखं एक गोल, बारकं कुलूप होतं. त्याची चीर मी वर्षभर उभी बघत आले होते. आता ती आडवी होती.

कुलूप आपलं आपण फिरत नाही. आणि चावी कुणाकडे असणार, याचा विचार करावा लागला नाही.

"काकी, जुडगा द्या जरा."

"कशाला?"

"त्यातली ती बारकी चावी कशाची आहे?"

"मशीनची हाय. पुतण्यानं परवाच्या दिवाळीत दिलीय. तुला काय करायचंय?"

"आज लावलंत का कुलूप?"

"लावलं. अंधार व्हता. उघडं कसं ठेवायचं?"

"काकी, तुम्ही कुलूप लावलंत म्हणून कीबोर्ड चालत नाही. पोरीने काही केलेलं नाही."

काकींनी जुडगा मुठीत धरला. मग चिडून म्हणाल्या, "कुलूप लावल्यानं वस्तू बिगडती व्हय? दुकानाला मी रोज लावते. दुकान मोडलं का कदी?"

मी त्यांच्या हातून चावी घेतली, फिरवली, मशीन बंद करून सुरू केलं. ते सुरळीत चालू झालं. काकींनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तरी एकदा चावी त्यांनी स्वतः फिरवून बघितली, मशीन अडलेलं बघितलं, परत उघडलं. मग लवंग तोंडात टाकली.

"उद्या ये म्हणावं तिला," त्या म्हणाल्या.

"मी नाही म्हणणार. तुम्ही चारचौघांत बोललात, चारचौघांतच निस्तरा."

काकींनी जुडगा कमरेला खोचला. वायर गुंडाळली आणि घरी गेल्या. त्यांनी आयुष्यात कुणाची माफी मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं, म्हणून मला फारशी आशा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर शटर बंद. कांद्याच्या दिवसांत काकींचं दुकान बंद, हे कुणी बघितलेलं नव्हतं. पायरीवर माणसं बसलेली. मलाही तिष्ठत बसावं लागलं, कारण दुकानाची चावी त्यांनी मलाही कधी दिली नाही. दहाच्या सुमाराला अवसरीकडून जीप आली. आधी काकी उतरल्या, मग भिवाभाऊ, मग संगीता.

"काकी, आज तुमच्याच दुकानाला कुनी कुलूप घातलं वो?" पायरीवरून कुणीतरी खिजवलं.

"मीच घातलं. आन काल त्या मशीनला घातलं ते बी मीच," काकी रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पोरीचा काय बी दोष न्हाई. कालच्याला हितं कोनकोन व्हतं? हात वर करा."

माणसं हसली. काकी हसल्या नाहीत. त्यांनी वर आलेले हात नीट न्याहाळले. "पेंढारचा दत्तू व्हता. त्यो कुठंय? त्यानंच जास्त कान टवकारले व्हते. त्याला निरोप द्या, माझ्या नावानं." मग समोरच्या दुकानाकडे वळून टेम्पोवाल्या मामालाही हाक मारून तेच सांगितलं. त्यानंतरच शटर उघडलं.

भिवाभाऊंनी मान हलवली आणि त्याच जीपने परत गेले. संगीता मशीनपुढे बसली, पण बटणाला हात लावायच्या आधी म्हणाली, "काकी, परत कुलूप लावाल तेव्हा मला सांगून लावा."

"सांगून लावलं तर कुलपाचा उपेग काय?" काकींनी खरोखरच विचारलं आणि गिऱ्हाइकांकडे गेल्या.

संगीताने माझ्याकडे बघितलं. काकी पुढे बियाणं देण्यात गुंतलेल्या होत्या. मी पेचकस घेतला, मशीनचा डबा उघडला, त्या कुलपाची आत गेलेली बारीक दोन पदरी वायर उपटली, डबा लावून टाकला आणि संगीताला म्हणाले, "कर सुरू."

काकी जाऊन आता तीन-चार वर्षं झाली. ते मशीन दुकानात होतं तोवर लाइट गेली की त्या बॅटरी घेऊन आत जायच्या, बारकी चावी फिरवायच्या आणि निर्धास्त होऊन बाहेर यायच्या.