दुसऱ्यांच्या पायांनी चालणारे आप्पा

आप्पा गल्लीत शिरले की लोक त्यांच्या तोंडाकडं नव्हे, पायांकडं बघायचे. "आज कुणाच्या पायानं आलाय आप्पा?" असं कट्ट्यावरचं कुणीतरी विचारायचंच. आप्पा नुसती चार पावलं टाकून दाखवायचे. तेवढी पुरायची. कट्ट्यावरचे उठून उभे राहायचे. कारण ते चालणं ज्याचं, त्या माणसाला कट्ट्यावरच्यांनीच खांदा देऊन स्मशानात पोचवलेलं असायचं.

आप्पा म्हणजे आमच्या वडगावचे नट. पोटासाठी माग आणि जिवासाठी नाटक. गणपतीत, जत्रांत, निपाणीपासून खानापुरापर्यंत जिथं पडदा लागेल तिथं ते उभे राहिले. वकील, फौजदार, साधू, वेडा, काय केलं नाही ते विचारा. संवाद मात्र हमखास विसरायचे. विंगेतला माणूस घसा फोडून वाक्यं सांगतोय आणि हे आपले ढिम्म उभे! पण नुसते चालत आत आले तरी मागच्या रांगेत रडणारं पोरसुद्धा गप्प बसायचं. मग संवादाला कोण विचारतो?

त्यांची रीत ऐकली की नवख्या माणसाच्या अंगावर काटाच यायचा. आमच्याकडं मेलेल्या माणसाच्या चपला घरात ठेवत नाहीत आणि कुणी घालतही नाहीत. कुठंतरी लांब नेऊन टाकतात. वडगावात त्या आप्पांना द्यायची पद्धत पडली. नवी भूमिका मिळाली की आप्पा त्यातला एक जोड निवडायचे आणि आठवडाभर तोच घालून हिंडायचे. मला एकदा एक चप्पल उलटी करून दाखवली होती. "टाच कुठं झिजलीया बघ, मास्तरीणबाई. माणूस सगळा हितंच असतोय. तोंड लपिवतंय, टाच न्हाय लपवत." त्यांचा जुना हातमाग केव्हाच मोडीत निघाला होता, पण मागाखालचा पाय सोडून बसायचा खड्डा तसाच होता. त्या खड्ड्यात अर्ध्या वडगावच्या चपला होत्या.

मी खासबागेतल्या शाळेत विज्ञान शिकवते. टाचेची झीज, गुडघ्याचा कोन, बारीक निरीक्षण, झालं, यात भुताटकी कसली, असं मी स्टाफरूममध्ये ठणकावून सांगायचे. तिन्हीसांजेला त्यांच्या दारावरून जाताना स्कूटर जरा जोरात काढायचे, हेही खरं.

एक नेम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. जिवंत माणसाची चाल ते करायचे नाहीत. तरुणपणी कडोलीकडच्या एका गावात त्यांनी पुढच्या रांगेत बसलेल्या एका पैलवानाची चाल उचलली होती. लोक हसून लोळले, पैलवानही हसला. पुढच्या आठवड्यात तो बांधावरून घसरून पडला आणि पुन्हा कधी धड चालला नाही. योगायोग, मी म्हणायचे. "आसंल," आप्पा म्हणायचे. "पर मेल्यालं माणूस चाल ठिवून जातंय. रिकामी पडल्याली असती, म्हणून मला घालता येती. जित्त्याची चाल त्येच्या अंगावर असती गं. ती वढून घेतली तर त्यो चालंल कशानं?" पुढं पुढं तर ते म्हणायचे, ठरवलं तरी जिवंत माणसाची चाल आता पायात येतच नाही.

काकू, म्हणजे त्यांची बायको, फटकळ. आप्पा परक्या चालीनं घरी आले की आतून कडी काढायची नाही. "आधी स्वताच्या पायावर या, मग जेवाय बसा." मग आप्पा दारात चार येरझाऱ्या घालून आपली चाल शोधायचे. काकू गेल्यावर कडी घालणारं कुणी उरलं नाही. एकदा सहज म्हणाले, "माझी चाल कसली हुती, त्येच आता आठवंना झालंय." मी हसले. ते हसले नाहीत.

म्हातारपणी त्यांना पडद्यानं उचललं. कोल्हापुरात मालिकांची शूटिंगं चालतात, तिथं कुणीतरी त्यांना नेलं. नंतर हुबळीकडच्या एका कानडी सिनेमातही घेतलं. गंमत म्हणजे कॅमेऱ्यापुढं त्यांना चालायला कमी आणि मरायलाच जास्त लावलं. श्वास असा धरायचे की नाकावर माशी बसली तरी पापणी हलायची नाही. "मराठीत बी मेलो, कानडीत बी मेलो," ते सांगायचे. "सीमेवरनं दोन्ही सरकारं भांडू देत. मराय भाषा लागत न्हाय." ते मढं टीव्हीवर दिसलं की अख्खं वडगाव टाळ्या वाजवायचं. जगात असं भाग्य कुणाला!

आमचे बाबा गेले, तेव्हा त्यांच्याही चपला आप्पांकडं गेल्या. बाबांचे ते जिवलग. वर्षाच्या आत गणपतीतल्या नाटकात आप्पा वकील होऊन आले आणि माझ्या शेजारी बसलेल्या आईनं झटकन डोक्यावर पदर घेतला. वडीलधारी घरात असताना बाबा बाहेरून आले की घ्यायची, तसा. मी तिच्याकडं बघितलं. ती स्टेजवर बघत होती आणि लाजली होती. त्या क्षणी माझं विज्ञान कुठं गेलं कुणास ठाऊक, मीही खुर्चीत सावरून बसले.

म्हणूनच दादाच्या वेळी तिला आप्पाच आठवले.

दादा माझा मोठा भाऊ. गोव्याला काम मिळालंय म्हणून एका सकाळी नवे बूट घालून निघाला, जुन्या चपला दारात सोडून. सुरुवातीला फोन यायचा, मग बंद झाला. पोलिसांत तक्रार झाली, पणजी-मडगाव पालथं घातलं, देवऋषी झाले. दादाचा पत्ता नाही. वर्षं सरत गेली तसा बाबांच्या धाकट्या भावानं, आमच्या काकांनी, धोशा लावला, "वहिनी, पोराचे दिवस घालून टाकू. जीव टांगून राहिला आसंल त्येचा." आई त्यांच्या अंगावर धावून गेली. "माझ्या जित्त्या पोराचे दिवस घालतोस व्हय रं?" पण त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. भात कालवायची आणि ताट तसंच सरकवायची. पोरासाठी रडावं की त्याची वाट बघावी, हेच तिला कळेना झालं होतं.

शेवटी दादाच्या चपला पदराखाली घेऊन ती आप्पांच्या दारात जाऊन उभी राहिली. मी बरोबर होते.

"आप्पा, ह्या घाला. तुमास्नी ह्येची चाल जमली, तर मी दिवस घालीन. न्हाय जमली, तर पोरगं जित्तं हाय. मग मला कुणी काय इचारायचं न्हाय."

"वहिनी, मी नट हाय. देवऋषी न्हाय."

"देवऋषी आपल्याला पायजे त्येच सांगत्यात. तुमचे पाय खोटं बोलत न्हाईत."

आप्पांनी चपला घेतल्या. या खेपेला टाच उलटी करून बघितली नाही.

पंधरवड्यानं ते आमच्याकडं आले, भर दुपारी. नेमकी वीज गेलेली. वडगावात माग बंद पडले की कसंसंच होतं. खटखटीची एवढी सवय, की शांत झालं की कुणीतरी गेलं असंच वाटतं. आई चौकट धरून उभी राहिली. आप्पांनी अंगणात चपला घातल्या आणि चालू लागले. पहिल्याच पावलाला अडखळले. परत सुरुवात केली. धड दादा नाही, धड आप्पा नाहीत, नुसता एक म्हातारा मोठ्या मापाच्या चपला फरफटत होता. तिसऱ्या खेपेला अंगठा निसटून ते चक्क पडले. धापा टाकत तिथंच बसून म्हणाले, "न्हाय जमत वहिनी. पोरगं आपली चाल घिऊन फिरतंय कुटंतरी."

आई हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा! वाटीभर गोड कुंदा आणून तिनं आप्पांपुढं ठेवला. त्यांनी तो मान खाली घालून संपवला आणि पाणीसुद्धा न पिता गेले.

त्यानंतर आई जगली, आणि चांगली जगली. रोज एक भाकरी जास्त थापायची. काकांना चिडवायची. शेवटी दवाखान्यात नर्सला बजावत होती, "पोरगा आला की अडवू नका, आत सोडा." तशीच, दाराकडं बघत गेली.

तिच्या बाराव्याला आप्पा आले. पार वाळले होते, भिंतीला धरून चालत होते. जेवण झाल्यावर मी आईच्या चपला कागदात गुंडाळून त्यांना द्यायला गेले, तर त्यांनी हात मागं घेतला. "तिच्या नकोत. तिच्या चालीला मी लायक न्हाय."

तेव्हा मला विचारल्याशिवाय राहवेना. "आप्पा, त्या दिवशी खरंच जमली नव्हती?"

ते आईच्या फोटोकडं वळले. मग म्हणाले, "पडायचं कसं, ह्येचीच तालीम केली गं पोरी, पंधरा दिस. पाय ऐकतच नव्हते."

आणि ते उठले. भिंत सोडली. अनवाणीच पायऱ्या उतरले, डावा खांदा जरा खाली टाकून, उजवा पाय किंचित बाहेर फेकत. अंगण ओलांडताना उगाच एक हात केसांतून फिरवला. फाटकापाशी आमच्या लहानपणी उघडं गटार होतं. त्यावर फरशी बसून जमाना झाला. त्या फरशीवरून तो सत्तरी ओलांडलेला माणूस, आतापर्यंत भिंतीला धरून चालणारा, टुणकन उडी मारून पलीकडं गेला.

"दादा!" मी ओरडले.

फाटक उघडून ते तसेच, त्याच चालीनं, गल्लीच्या वळणापर्यंत गेले आणि दिसेनासे झाले.

मी पायरीवर बसले. आईसाठी आलं नव्हतं एवढं रडू आलं. आप्पांचा राग आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावं असंही वाटलं. किती वर्षं माझा मेलेला भाऊ स्वतःच्या पायांत दाबून हा माणूस आमच्या दारावरून जात होता, आणि माझ्या आईला एकही पाऊल दिसू दिलं नाही त्यानं!

मग डोळे पुसले आणि आत गेले. काका शेवटच्या पंगतीला आमटी वाढत होते.

"काका," मी म्हटलं, "दादाचे बी दिवस घालूया आता."

काकांनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.